मार्शमॅलोच्या प्रयोगासाठी कोणता ऑनलाइन स्रोत ग्राह्य धरावा?

सोनचाफा (तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात शिकते आणि मानसशास्त्र हा माझा विशेष विषय आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी मी शालेय मुलांमधील आत्मनियंत्रणावर प्रकल्प लिहीत आहे. मार्शमॅलोच्या (एक मऊ गोड मिठाई) प्रसिद्ध प्रयोगात, थोडे थांबल्यास अधिक मिळेल असे सांगितल्यावर ज्या मुलांनी समोरचा गोड पदार्थ लगेच न खाता वाट पाहिली, ती पुढे परीक्षेत आणि आयुष्यात अधिक यशस्वी झाल्याचे सिद्ध झाले आहे, असे मी त्यात लिहिले होते. या विधानासाठी चार संदर्भ दिले होते: एका मराठी दैनिकाच्या पुरवणीतील लेख, विद्यार्थ्यांना सोप्या इंग्रजीत मानसशास्त्र समजावून सांगणारे एक संकेतस्थळ, एका प्रेरणादायी वक्त्याची चित्रफीत आणि एका ऑनलाइन नियतकालिकातील शोधनिबंध. आमच्या मॅडमनी चारही संदर्भांवर रेघ मारली आणि ‘स्रोत विश्वासार्ह नाहीत, मूळ संशोधन पाहावे’ असा शेरा दिला.

माझी अडचण अशी आहे, की चारही ठिकाणी मजकूर जवळजवळ एकच आहे. चौघांनी एकच गोष्ट सांगितली असेल, तर ती खरी मानायला हरकत काय, हे मला कळत नाही. वर्गातील एकाने सांगितले, की पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ किंवा ‘डॉट एज्यू’ असेल तर ते संकेतस्थळ चालते. मैत्रीण म्हणते, की विकिपीडिया सोडून काहीही चालते. मराठी विश्वकोश चालेल का, हेही विचारायचे आहे, कारण माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून इंग्रजी शोधनिबंध वाचायला मला फार वेळ लागतो. प्रकल्प दोन आठवड्यांत द्यायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका

सोनचाफा, मी बरीच वर्षे पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवले आणि तुझ्यासारखे प्रकल्प शेकड्यांनी तपासले, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. चारही ठिकाणी मजकूर एकच आहे, हीच खरी धोक्याची खूण आहे. चौघांनी स्वतंत्रपणे तपासून एकच निष्कर्ष काढला असता, तर त्यांच्या सांगण्यात आकडे, अटी आणि मर्यादा यांचा थोडाफार फरक पडला असता. शब्दही सारखेच असतील, तर एकाचे ऐकून बाकीच्यांनी पुढे सांगितले असण्याचीच शक्यता अधिक. म्हणून संकेतस्थळ चांगले की वाईट, हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि आधी दोन गोष्टी शोध: हे विधान मुळात कोठून निघाले, आणि त्यानंतर त्याचे काय झाले.

तुझेच उदाहरण घेऊ. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूल या बालवाडीत केले. विद्यापीठाची बालवाडी म्हटल्यावर तेथे कोणत्या घरांतील मुले येत असतील, हे लक्षात घे. मुले वाट कशी पाहतात, पदार्थ झाकून ठेवला किंवा मन दुसरीकडे वळवले तर काय फरक पडतो, हे त्या प्रयोगांत तपासायचे होते. पुढील यशाचा धागा नंतर जोडला गेला. युइची शोडा, मिशेल आणि फिलिप पीक यांचा १९९० चा शोधनिबंध त्यासाठी पाहावा लागतो. पालकांकडून माहिती मिळाली ती १८५ मुलांची. महाविद्यालयीन प्रवेशाच्या सॅट परीक्षेचे गुण मिळाले ते ९४ जणांचे. आणि जो ठळक सहसंबंध सगळीकडे सांगितला जातो, तो पदार्थ डोळ्यांसमोर असताना आणि मन वळवण्याची कोणतीही युक्ती न सुचवता ज्यांना बसवले होते, अशा केवळ ३५ मुलांमधला आहे. भाषाविषयक गुणांशी ०.४२ आणि गणिती गुणांशी ०.५७, असे ते आकडे आहेत (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). नमुना लहान असल्यामुळे हे आकडे वाढीव असू शकतात, असा इशारा स्वतः लेखकांनीच दिलेला आहे. तुझ्या चारपैकी एकाही स्रोतात तो इशारा आहे का, ते पाहा.

आता पुढे काय झाले, ते पाहू. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात ९१८ मुलांची माहिती वापरून हाच प्रश्न पुन्हा तपासला. त्यांपैकी ५५२ मुलांच्या मातांनी महाविद्यालयीन पदवी घेतलेली नव्हती, म्हणजे बिंगच्या बालवाडीत सहसा न दिसणारी मुले या नमुन्यात होती. साडेचार वर्षांच्या वयातील वाट पाहणे आणि पंधराव्या वर्षीचे शैक्षणिक यश यांचा संबंध येथेही आढळला, पण तो १९९० च्या तुलनेत सुमारे निम्माच होता. घरची परिस्थिती, मुलाची आधीची बौद्धिक क्षमता आणि घरातील वातावरण हिशेबात घेतल्यावर त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला. म्हणून ‘सिद्ध झाले आहे’ हे शब्द तुझ्या प्रकल्पात टिकत नाहीत, आणि तुझ्या मॅडमचा शेरा योग्यच आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगते, कारण ती मला अतिशय मोलाची वाटते. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २८ मुलांवर प्रयोग केला. मार्शमॅलो समोर ठेवण्याआधी निम्म्या मुलांना मोठ्या माणसाने चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे वचन दिले आणि ते पाळले. उरलेल्यांना तेच वचन देऊन नंतर रिकाम्या हाताने परत येऊन क्षमा मागितली. पहिल्या गटातील मुलांनी सरासरी सुमारे बारा मिनिटे वाट पाहिली, तर दुसऱ्या गटातील मुलांनी सुमारे तीन. ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणतो, त्यात समोरच्या माणसाच्या शब्दावरचा विश्वासही मोजला जात असतो. नमुना लहान आहे, हे येथेही लिहायला विसरू नकोस.

सोप्या इंग्रजीतील जे संकेतस्थळ तू वापरलेस, ते वाचण्यात काही गैर नाही. मीही विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी ओळख करून घ्यायला पाठवत असे. मात्र तेथे विधानाखाली मूळ शोधनिबंधाचा पूर्ण संदर्भ दिला आहे का आणि २०१८ नंतरची चर्चा आली आहे का, एवढे पाहावे, आणि प्रकल्पात संदर्भ मूळ निबंधाचा द्यावा.

मराठवाड्यातील ग्रंथपाल

निवृत्त शिक्षिकांनी आशयाची बाजू मांडली आहे, म्हणून मी शोधण्याच्या बाजूने लिहितो. पत्त्याच्या शेपटावरून विश्वासार्हता ठरवू नये. ‘डॉट ऑर्ग’ कोणालाही नोंदवता येते. ‘डॉट एज्यू’ हे प्रामुख्याने अमेरिकेतील मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना मिळते आणि आपल्याकडील विद्यापीठे ‘एसी डॉट इन’ वापरतात, परंतु विद्यापीठाच्या पत्त्याखाली विद्यार्थ्यांचे निबंध आणि प्राध्यापकांची वैयक्तिक पानेही असतात. विकिपीडियाचा संदर्भ प्रकल्पात देऊ नये, हे खरे. मात्र त्यातील लेखाच्या तळाशी असलेली संदर्भसूची फार उपयोगी पडते, तिच्यावर काट मारू नका.

तुमचा चौथा संदर्भ, म्हणजे ऑनलाइन नियतकालिकातील शोधनिबंध, मला सर्वाधिक काळजीचा वाटतो, कारण तो दिसायला शोधनिबंध असल्यामुळे फसगत सहज होते. पैसे घेऊन तीन-चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिके आपल्याकडे मोठ्या संख्येने निघाली आहेत. अभियांत्रिकी, साहित्य, वाणिज्य आणि मानसशास्त्र हे सर्व एकाच अंकात असणे, विषयतज्ज्ञांकडून होणाऱ्या परीक्षणाला किती काळ लागला याची कोठेही नोंद नसणे, संपादक मंडळातील व्यक्तींचा विषय न कळणे, या खुणा दिसल्या की थांबावे. शुल्क घेतले जाते एवढ्यावरून मात्र नियतकालिक वाईट ठरत नाही. अनेक प्रतिष्ठित मुक्त (सर्वांना विनामूल्य वाचता येणारी) नियतकालिकेही लेखकांकडून शुल्क घेतात. पूर्वी विद्यार्थ्यांना यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची, यादी पाहायला सांगता येत असे, परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिक निवडण्यासाठी केवळ सुचवणीवजा निकष दिले. त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते.

प्रत्यक्ष शोध गूगल स्कॉलरवर करा. शोडा यांचा १९९० चा निबंध सापडला, की त्याखाली ‘साइटेड बाय’ असा दुवा दिसेल. त्यावर टिचकी मारल्यास त्या निबंधाचा आधार घेणारे नंतरचे निबंध मिळतात आणि वर्षांची मर्यादा घातल्यास अलीकडचे तेवढेच वेगळे काढता येतात. निवृत्त शिक्षिका ज्याला ‘पुढे काय झाले’ म्हणतात, ते शोधण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पूर्ण निबंधासाठी पैसे मागितले गेले, तर त्याच ठिकाणी निबंधाच्या इतर आवृत्त्यांचा दुवा असतो. लेखकाने स्वतःच्या संस्थेच्या पानावर ठेवलेली प्रत तेथे बऱ्याचदा मिळते. तुमच्या ग्रंथालयाने इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके व पुस्तके उपलब्ध करून देणारी सेवा) सदस्यत्व घेतले आहे का, हे ग्रंथपालांना अवश्य विचारा. अनेक महाविद्यालयांत सदस्यत्व असते आणि विद्यार्थ्यांना त्याचा पत्ताच नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चॅटजीपीटीसारख्या साधनाने दिलेला संदर्भ न तपासता उतरवू नका. माझ्याकडे विद्यार्थी अशी शीर्षके घेऊन येतात, की लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्षही पटण्यासारखे, पण तसा निबंध कधी लिहिलाच गेलेला नाही. डीओआय क्रमांक (प्रत्येक निबंधाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) संबंधित संकेतस्थळावर टाकून पाहिला, की दोन मिनिटांत खरे-खोटे कळते. तेथेच निबंध मागे घेतला गेला आहे का, याचीही सूचना बहुधा दिसते. डिडेरिक स्टापेल या डच सामाजिक मानसशास्त्रज्ञाने आकडेवारी बनावट तयार केल्याचे २०११ मध्ये उघड झाले आणि त्यानंतर त्याचे पन्नासहून अधिक निबंध मागे घेण्यात आले. ते सर्व नामांकित नियतकालिकांच्या परीक्षणातून पार पडले होते, ही बाब ध्यानात ठेवावी.

एमए दुसरे वर्ष

सोनचाफा, मीही मराठी माध्यमातूनच आलो आहे, म्हणून वाचनाविषयी सांगतो. संपूर्ण निबंध पहिल्या ओळीपासून वाचू नकोस. गोषवारा वाच, मग पद्धतीच्या विभागात जाऊन मुले किती, कोठली, कोणत्या वयाची आणि काय मोजले एवढेच वहीत मराठीत लिहून काढ, आणि त्यानंतर चर्चेच्या विभागातील मर्यादांचा परिच्छेद वाच. संख्याशास्त्राचा भाग पहिल्या वाचनात सोडला तरी चालतो. मला पहिल्या निबंधाला चार दिवस लागले होते. पाचव्याला एक संध्याकाळ पुरली, कारण शब्द तेच तेच येतात.

मराठी विश्वकोशाविषयी माझे मत असे आहे, की संज्ञा आणि संकल्पना मराठीत नीट मांडण्यासाठी त्यासारखा आधार नाही. परंतु त्याचा पहिला छापील खंड १९७६ चा आहे, आणि जुन्या खंडांतील नोंदी आता ऑनलाइन दिसतात म्हणून त्या आजच्या ठरत नाहीत. उदाहरणार्थ, मज्जाविकृती (न्यूरोसिस, म्हणजे तीव्र चिंता, भीती अशा मानसिक त्रासांचा गट) ही संज्ञा त्यात विस्ताराने येते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या मनोविकारांच्या वर्गीकरणाने १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीतच तो प्रमुख वर्ग मोडीत काढला. व्याख्येसाठी विश्वकोश जरूर वापर, संशोधनाच्या सद्यःस्थितीसाठी नको.

निवृत्त शिक्षिकांच्या उत्तराला मी एक पुरवणी जोडू इच्छितो. २०१८ च्या निबंधालाही अंतिम शब्द मानू नये. सबीन डोबेल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याच नियतकालिकात असा आक्षेप घेतला, की बौद्धिक क्षमतेसारखे घटक हिशेबातून वजा केले, तर वाट पाहण्याच्या क्षमतेचा काही भागही त्यांच्याबरोबर वजा होतो, कारण या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. दुसरे असे, की ही सर्व मुले अमेरिकेतील आहेत. बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधील नसो शेतकरी कुटुंबांतील चार वर्षांची मुले आणि जर्मनीतील मध्यमवर्गीय मुले यांची तुलना केली, तेव्हा नसो मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांनी शेवटपर्यंत वाट पाहिली आणि जर्मन मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांनी. तुझा प्रकल्प आपल्याकडील शालेय मुलांविषयी आहे, म्हणून हा अभ्यास तुला पाहायलाच हवा.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. ग्रंथपाल सरांनी सांगितल्याप्रमाणे चौकशी केली, तर आमच्याकडे एन-लिस्ट खरोखरच आहे, आणि मला २०१८ व २०१३ चे दोन्ही निबंध पूर्ण मिळाले. शोडा यांच्या निबंधाचा केवळ गोषवारा मिळाला. आता मी असे लिहिले आहे:

‘बालवयात समाधान लांबणीवर टाकण्याची क्षमता आणि पुढील शैक्षणिक यश यांत संबंध असल्याचे शोडा, मिशेल आणि पीक (१९९०) यांना लहान नमुन्यात आढळले. वॉट्स, डंकन आणि क्वान (२०१८) यांच्या मोठ्या नमुन्यात हा संबंध बराच क्षीण आढळला. यावरून असे दिसते, की गरीब घरांतील मुले वाट पाहू शकत नाहीत आणि म्हणून मागे पडतात.’

हे योग्य आहे का?

निवृत्त शिक्षिका

पहिली दोन वाक्ये चांगली उतरली आहेत. दुसऱ्यात ‘घरची परिस्थिती आणि आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर’ एवढे घाल, कारण सर्व मुद्दा त्या अटीत आहे. तिसरे वाक्य मात्र पूर्ण काढून टाक. तू वाचलेल्या दोनपैकी कोणत्याही निबंधात ते नाही, आणि तुझ्याच वर्गातील कोणाच्या तरी घराविषयी ते वाक्य न्यायनिवाडा करते. त्या जागी किड यांचा प्रयोग दोन ओळींत दे.

शोडा यांचा पूर्ण निबंध तू वाचलेला नाहीस, तेव्हा तो स्वतः वाचल्याप्रमाणे सूचीत टाकू नकोस. ‘वॉट्स आणि इतर (२०१८) यांच्यात उद्धृत’ असे मजकुरात लिही आणि सूचीत वॉट्स यांचाच संदर्भ दे. तुझ्या मॅडमना हे आवडेल. पूर्ण निबंध हाती आला, तर तेवढी एक ओळ बदलता येईल.