घरातील किरकोळ दुरुस्तीसाठी हत्यारांची पेटी कशी जमवावी?

घरकुल:
आजवर घरातील लहानसहान दुरुस्तीसाठी नेहमी कोणाला तरी बोलवावे लागत असे, पण आता स्वतःच्या घरात राहायला आल्यापासून ही कामे आपल्या हातांनी करावीत असे मनापासून वाटू लागले आहे. सध्याची कामे साधीच आहेत. स्वयंपाकघरातील कपाटाच्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत, एक नळ ठिबकतो, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या डुगडुगतात आणि भिंतीवर काही तसबिरी लावायच्या आहेत. शंभर-दीडशे नग असलेले तयार संच मिळतात, ते एकदम घ्यावेत की एकेक हत्यार निवडून पेटी जमवावी? सुटे घ्यायचे झाल्यास सुरुवात कशापासून करावी, आणि कोणत्या वस्तूच्या दर्जाबाबत अजिबात तडजोड करू नये, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे.

सुतारपक्षी:
माझे मत स्पष्ट आहे, तयार संच घेऊ नका. त्या शंभर नगांपैकी बहुतेक नग बिट (मुठीला लावायची सुटी टोके) आणि सॉकेट (नटावर बसणाऱ्या टोप्या) असतात, त्यांतले तुम्हाला लागतील असे थोडेच, आणि जे रोज लागणार त्या पेचकसाचे पोलाद नेमके मऊ निघते. हत्यारे घेण्याआधी घरभर एक फेरी मारा आणि कोणकोणत्या खाचांचे स्क्रू बसवलेले आहेत ते पाहा. पेटीत काय असावे हे तुमच्या घरातले स्क्रू आणि नट ठरवतात.

पेचकसाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरगुती दुरुस्तीतील निम्मी चिडचिड चुकीच्या पेचकसामुळे होते. फुलीच्या खाचेचे पेचकस क्रमांकाने ओळखले जातात. कपाटे, दारे आणि स्विचबोर्डाच्या पट्ट्या यांना बहुधा 2 क्रमांक चालतो, लहान उपकरणांना 1 आणि त्याहून नाजूक वस्तूंना 0. योग्य क्रमांकाचे टोक खाचेत ठेवले की ते हलत नाही. टोक डगडगत असेल, तर जोर लावताच ते बाहेर सरकते, खाचेच्या कडा घासल्या जातात आणि मग तो स्क्रू कोणत्याच पेचकसाला दाद देत नाही. कपाटांच्या बिजागऱ्यांवर अनेकदा मुख्य फुलीच्या मधोमध तिरप्या बारीक रेघा असलेले स्क्रू दिसतात. ती पोझिड्राइव्ह नावाची वेगळी खाच आहे आणि तिला त्याच जातीचे 2 क्रमांकाचे टोक लागते; साधा फुलीचा पेचकस तिथे बसल्यासारखा वाटतो, पण पकड पुरती घेत नाही. चपट्या पेचकसाच्या बाबतीत पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी असावी आणि जाडीने खाच भरली पाहिजे. तेव्हा चांगल्या पोलादाचे तीन-चार पेचकस घ्या, मूठ हाताला भरीव लागेल अशी बघा आणि पैसे वाचवायचे असतील तर ते इतरत्र वाचवा.

आता तुमच्या बिजागऱ्यांकडे वळू. स्क्रू घट्ट होत नसेल आणि नुसताच फिरत असेल, तर भोकातील लाकूड झिजलेले आहे, त्यामुळे जास्त जोर लावून काही साधणार नाही. स्क्रू काढा, भोकात सुतारकामाचा पांढरा गोंद घालून लाकडाच्या बारीक काड्या ठोकून बसवा, गोंद पूर्ण वाळू द्या, वर आलेला भाग कापून टाका आणि मधोमध लहानसे भोक पाडून तोच स्क्रू पुन्हा घट्ट करा. या कामाला हातोडी आणि धारदार कटर लागतो. हातोडी मागे खिळे उपटण्याची नखी असलेली आणि डोक्याचे वजन साधारण 400 ग्रॅमच्या आसपास असलेली घ्यावी. त्याहून जड हातोडीने नवखा माणूस नेम चुकवतो.

खुर्च्यांचे सांधे बोल्टने जोडलेले असतील तर षटकोनी एलन कींचा एक संच पुरेल, त्यांतही 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या चाव्या सर्वाधिक लागतात. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊ नका. खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून आधी सगळे बोल्ट हातानेच लावा आणि नंतर आळीपाळीने आवळा, म्हणजे चारही पाय जमिनीला टेकलेले राहतात.

कानस:
वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण पान्ह्यांचा विषय राहून गेला आणि तुमच्या ठिबकणाऱ्या नळाला तोच लागणार आहे. जबडा कमी-जास्त होणारा सुमारे 200 मिलिमीटर लांबीचा एक पाना घ्या. तो नटावर आवळून, मध्ये फट न ठेवता बसवावा आणि सरकणारा जबडा ज्या बाजूला असेल त्या दिशेने फिरवावा, म्हणजे मुख्य भार स्थिर जबड्यावर येतो. उलट फिरवल्यास सरकणाऱ्या जबड्यावर ताण येऊन पाना निसटतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. त्यातही 10 आणि 13 मिलिमीटरचे दोन पक्क्या मापाचे पाने सोबत असावेत असे मला वाटते, कारण 6 आणि 8 मिलिमीटर जाडीच्या सर्वसाधारण बोल्टांच्या डोक्यांची हीच मापे असतात आणि पक्क्या मापाचा पाना नट कधी खराब करत नाही. पक्कड मात्र नटावर कधीही वापरू नये. तिचे काम धरणे, वाकवणे आणि तार तोडणे एवढेच आहे.

नळाला हात लावण्याआधी त्याच्या मागचा कॉक बंद करा आणि तोटी उघडून उरलेले पाणी काढून टाका. फिरवून बंद करायच्या जुन्या पद्धतीच्या नळात बहुतेक वेळा आतला रबरी वॉशरच झिजलेला असतो. चकचकीत मुलामा दिलेल्या नटाभोवती कापड गुंडाळूनच पाना लावा. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची झाल्यास आट्यांचे टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावी, नाहीतर जोड फिरवताना ती उलगडून बाहेर येते.

मोजपट्टी 5 मीटरची पुरते. तिच्या टोकाची आकडी किंचित हलते म्हणून पट्टी सदोष समजून परत करणारे लोक मी पाहिले आहेत. ती मुद्दाम तिच्या जाडीइतकी सैल ठेवलेली असते, म्हणजे आकडी कडेला अडकवून ओढली काय किंवा भिंतीला टेकवून दाबली काय, माप एकच येते.

प्रवाह:
विजेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पेटीत टेस्टर असावा, पण त्याचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही असे कधीही गृहीत धरू नये. त्यातील निऑनचा लहान दिवा आपल्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर चालतो, त्यामुळे जाड रबरी चपला, लाकडी स्टूल किंवा भर उजेड यांमुळे तो दिसत नाही किंवा लागतच नाही. त्या जागेची वीज बंद करण्याआधी टेस्टर चालू ठिकाणी लावून पाहा, ती बंद केल्यावर काम करायच्या जागी, आणि शेवटी पुन्हा एखाद्या चालू ठिकाणी तपासा. पक्कड किंवा पेचकसाच्या मुठीवर रंगीत प्लॅस्टिक आहे एवढ्यावरून तो विजेच्या कामाचा ठरत नाही. 1000 व्होल्ट असे मुठीवर स्पष्ट छापलेले असेल तरच ते आवरण तपासलेले असते, आणि तरीही मेन बंद करूनच काम करावे. दिव्याचा होल्डर किंवा प्लग बदलणे एवढेच घरी करा. बोर्डाच्या आतली जोडणी जाणकारावर सोपवा.

घरकुल:
सर्वांचे मनापासून आभार. खाचा पाहिल्या, बिजागऱ्यांचे स्क्रू खरोखरच तिरप्या रेघांचे आहेत. आता एकच शंका उरली आहे. चार-पाच तसबिरींसाठी ड्रिल मशीन विकत घेणे योग्य ठरेल का?

ओळंबा:
एवढ्या कामासाठी घेऊ नये, कोणाचे तरी मागून आणावे. हलकी तसबीर पोलादी खिळ्यावरही राहते. पुढे फळ्या किंवा पडदे लावायचे ठरले तर मशीनचा विचार करा, आणि तेव्हा ठोका देणाऱ्या सोयीचे मशीनच बघा, कारण काँक्रीटमध्ये नुसत्या फिरण्याने भोक पडत नाही. टाइलवर मात्र ती सोय बंद ठेवून हळू वेगाने सुरुवात करावी आणि टाइल आरपार झाल्यावरच ठोका सुरू करावा, नाहीतर टाइल तडकते.

6 मिलिमीटरच्या गिट्टीला (स्क्रू पकडण्यासाठी भिंतीच्या भोकात बसवायच्या नळीला) 6 मिलिमीटरचेच बिट वापरा. गिट्टीची लांबी बिटावर चिकटपट्टीने खुणावून भोक त्याहून किंचित खोल करा आणि आतली भुकटी काढून टाका. भुकटी राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही आणि बाहेर राहिलेल्या गिट्टीवर भार टिकत नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, विशेषतः डोक्याच्या वर भोक पाडताना. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच पातळीत आडवे भोक कधीही पाडू नका, भिंतीतल्या तारा बहुधा त्याच रेषांनी नेलेल्या असतात.

ड्रिलआधी एक लहान पाणसळ, म्हणजे पातळी सरळ आहे का ते बुडबुड्याने दाखवणारी पट्टी, जरूर घ्या. घेताना ती एकाच जागी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहा आणि मग टोके उलटसुलट करून पुन्हा ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा तुमच्या दृष्टीने एकाच बाजूला तितकाच थांबला तर पाणसळ खरी आणि कल त्या पृष्ठभागाचा आहे. बाजू बदलली तर ती पाणसळ घेऊ नका.