मदत हवी आहे: तुलुम ते चेतुमाल (मेक्सिको, महामार्ग ३०७), सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर आई-बाबांना घेऊन ह्यूस्टनहून कानकुनला जातेय. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो प्रश्न मिटला. अडलंय ते रस्त्यापाशी. नवऱ्याला सुट्टी नाही, गाडी चालवणारी मी एकटीच.

कानकुनपासून ३०७ ने प्लाया देल कार्मेन, तुलुम, फेलिपे कारियो पुएर्तो, बाकालार करत बेलिझच्या सीमेवरच्या चेतुमालला जायचंय. सगळं मिळून साधारण ३८० किमी. तुलुमपर्यंत मी आधी गेलेय. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक, रिसॉर्टांच्या कमानी, काही त्रास नाही. तुलुम सुटलं की रस्ता दुपदरी होतो आणि दोन्ही बाजूंना नुसतं जंगल.

मागच्या वेळी तिथे थोडं पुढे गेले, तेव्हा समोरच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला. मला वाटलं हा वळतोय, म्हणून ब्रेक दाबला. मागचा पिकअप अगदी डिकीला येऊन थांबला. हात थरथरत होते माझे. नंतर कळलं, तिकडे डावा इंडिकेटर म्हणजे ‘पुढे रस्ता मोकळा आहे, जा’ असंही असतं. आपल्याकडे क्लीनर हात बाहेर काढून सांगतो तसं. पण खरंच डावीकडे वळणारासुद्धा तोच इंडिकेटर देतो! मग ओळखायचं कसं?

शिवाय मागून कोणी आलं की हळू चालणारी गाडी अर्धी शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर, घेऊन वाट देतात. त्याच शोल्डरवरून सायकलवाले आणि चालणारी माणसंही असतात. हे दिवसा जमेल, पण संध्याकाळी साडेसहानंतर?

विमानाने थेट चेतुमाल गाठा असं कृपया सुचवू नका. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कारियो पुएर्तो म्हणजे जुनं चान सांता क्रूझ. १८४७ मध्ये माया लोकांनी उठाव केला, त्याचं हे मुख्य ठाणं पुढे झालं आणि १९०१ मध्ये मेक्सिकोच्या सैन्याने ते घेतलं. तिथल्या चौकात उभं राहायचंय त्यांना. महिनाभर वहीत टिपणं काढतायत.

अनुभवी लोकांनी कृपया सांगावं:

तुलुमहून सकाळी निघून, कारियो पुएर्तोला दोन तास थांबून, उजेडात बाकालार होईल का? मुक्काम तिथेच करून चेतुमाल दुसऱ्या दिवशी करावं, असं माझं मत झालंय. टाकी तुलुमलाच फुल करू ना? आणि कारियो पुएर्तो ते बाकालार मोबाईलला रेंज असते का? गाडी बंद पडली तर ‘आंखेलेस वेर्देस’ना (महामार्गावरचं सरकारी मदत पथक) ०७८ वर फोन लावायचा हे माहीत आहे, पण रेंजच नसेल तर काय उपयोग.

शेवटचं, बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. गावागावांतले ‘तोपे’, म्हणजे गतिरोधक, रंग उडालेले असले तर लांबून दिसत नाहीत. कुठल्या गावांत जास्त आहेत ते कोणी सांगितलं तर लिहूनच ठेवेन.