मायक्रोब्लॉगिंगला मराठीत काय म्हणावे? पोस्ट, नोंद की टिपण

प्रश्न

नमस्कार. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. गेल्या सत्रात एका विषयासाठी मायक्रोब्लॉगिंग, म्हणजे ट्विटरसारख्या ठिकाणी थोडक्यात लिहिणे, सुरू केले. तास संपला की विद्यार्थ्यांनी दोन-तीन ओळी लिहायच्या, ठरलेला हॅशटॅग लावायचा आणि आठवड्यातून दोनदा दुसऱ्या कुणाच्या तरी लिखाणाला उत्तर द्यायचे. आता हे अभ्यासक्रमपत्रिकेत रीतसर लिहायचे आहे आणि मी शब्दाशी अडले आहे.

पहिल्या महिन्यात मी ‘पोस्ट टाका’ म्हणत होते. मग ‘आज मध्यक शिकलो, तास छान झाला’ अशी वाक्ये आली (मध्यक म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला). दुसऱ्या महिन्यात ‘टिपण लिहा’ म्हटले, तर फळ्यावरची व्याख्या जशीच्या तशी आली. एका सहकाऱ्यांनी ‘सूक्ष्म-ब्लॉगलेखन’ सुचवले, पण तो शब्द वर्गात तोंडातून निघेना. या कृतीला काय म्हणावे, एकेका लिखाणाला काय म्हणावे, आणि हे शिकवण्याचे ‘साधन’ म्हणावे की ‘माध्यम’?

उत्तर

शेवटचा प्रश्न सोपा आहे. ‘साधन’ म्हणा. शिक्षणाच्या संदर्भात ‘माध्यम’ म्हटले की आपल्याकडे लगेच भाषा डोळ्यापुढे येते: मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम. ‘अध्यापनाचे माध्यम: मायक्रोब्लॉगिंग’ असे छापलेत तर वाचणारा क्षणभर गोंधळेल.

आता मुख्य शब्दाकडे. ‘मायक्रो’साठी ‘सूक्ष्म’ हा कोशातला प्रतिशब्द बरोबर आहे, पण ‘सूक्ष्म’मध्ये बारकाव्याची छटा आहे. सूक्ष्म निरीक्षण म्हणजे खोलवरचे निरीक्षण, थोडक्यात केलेले नव्हे. थोडक्याला आपण ‘लघु’ म्हणतो: लघुकथा, लघुपट, लघुसंदेश. पण ‘लघुलेखन’ हा शब्द आधीच अडकलेला आहे, तो स्टेनोग्राफीसाठी रुळला आहे. म्हणजे सरळ भाषांतराच्या दोन्ही वाटा बंद.

‘ब्लॉग’चे मूळ पाहिले तर एक धागा सापडतो. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ सालचा, १९९९ मध्ये तो आखडून ‘ब्लॉग’ झाला. त्यातला ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून समुद्रात सोडत आणि आकडा वहीत मांडत. ती वही झाली लॉगबुक. म्हणजे मुळात ही ठरल्या वेळी केलेली नोंद आहे. आपल्या ‘रोजनिशी’तही हेच आहे. ‘निशी’ म्हणजे लिहिणे, फारसी ‘नवीस’मधून आलेले. चिटणीस आणि फडणवीस त्याच कुळातले. त्या चालीवर ब्लॉगला ‘जालनिशी’ आणि ‘अनुदिनी’ असे शब्द काहींनी चालवून पाहिले. दोन्ही मला आवडतात, पण दोन्हींत रोज लिहिण्याचा भाव आहे, थोडके लिहिण्याचा नाही. तुमच्या उपक्रमाचा प्राण थोडकेपणात आहे.

म्हणून एकेका लिखाणाला ‘टिपण’च म्हणा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘टिपणे’ हे क्रियापद मराठीत किती ठिकाणी येते पाहा. पाखरू दाणे टिपते. पदराने डोळे टिपतात. टीपकागद शाई टिपतो. छायाचित्रकार क्षण टिपतो. नेमबाज सावज टिपतो. पसरलेल्या पुष्कळातून नेमके तेवढे उचलणे, ही एकच क्रिया या सगळ्यांत आहे. तासभराच्या व्याख्यानातून विद्यार्थ्याने दोन ओळी काढायच्या, तेव्हा आपण त्याच्याकडून नेमके हेच मागतो. इंग्रजी शब्दात फक्त लहानपणा आहे, निवड नाही. ती आपल्या क्रियापदात आहे.

मग फळ्यावरची व्याख्या का आली? कारण ‘टिपणे काढणे’ हा वाक्प्रचार विद्यार्थ्यांच्या कानात नोट्स काढण्याच्या अर्थाने बसला आहे, आणि नोट्स म्हणजे सांगितलेले सगळे उतरवून घेणे. टिपणे आणि उतरवणे यांतला फरक पुसला गेला आहे. तो परत आणायला नाम पुरे पडणार नाही, सूचनेत क्रियापद वापरा. ‘टिपण लिहा’ऐवजी ‘आजच्या तासातून तुम्ही काय टिपलंत?’ असे विचारून पाहा.

‘टिप्पणी’ मात्र टाळा. तो कचेरीच्या फाइलीतला शब्द झाला आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मजकुरावर मत देण्याचा भाव आहे. उलट, आठवड्यातून दोनदा जे उत्तर द्यायचे, त्याला ‘टिप्पणी’ शोभेल. ‘टीप’ तळाशी जाते, आणि ‘टीका’ म्हणाल तर कुणी लिहिणार नाही. मुळात टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणारे भाष्य, आज मात्र दोष काढणे एवढेच उरले आहे.

प्रतिसाद

वरच्या उत्तराशी सहमत, पण तुम्ही पत्रिकेत मर्यादा कशी लिहिणार? ‘२८० अक्षरांत’ असे लिहू नका, ही कळकळीची विनंती. तिथे ‘अक्षर’ हा शब्द चुकीचा ठरतो.

ट्विटर २००६ मध्ये सुरू झाले तेव्हाची १४० ची मर्यादा मोबाइल संदेशावरून आली होती. एका संदेशात १६० चिन्हे मावत, त्यातली २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून ठेवली. २०१७ मध्ये ती २८० झाली. मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच समाजमाध्यमावर मुळात ५०० असते. ही सगळी मोजणी चिन्हांची आहे आणि संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह. ‘विद्यार्थी’ हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो: वि, द्या, र्थी. संगणक मोजतो दहा: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी. ‘महाविद्यालय’ आपल्याला सहा, त्याला अकरा. त्यामुळे २८० चिन्हांत मराठी अक्षरे पुष्कळच कमी बसतात. विद्यार्थी ‘२८० अक्षरे’ वाचून लिहायला बसतो, वाक्य मध्येच लाल होते, आणि मग तो जोडाक्षरे टाळायला लागतो किंवा रोमनकडे वळतो. म्हणून ‘चिन्हे’ म्हणा. त्याहून चांगले म्हणजे ‘तीन वाक्यांत’ म्हणा.

हॅशटॅगचे भाषांतर करू नका, तो रुळला आहे. पण मराठीत तो वापरताना एक अडचण येते, ती विद्यार्थ्यांना आधीच सांगायला हवी. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही आणि आपली विभक्ती शब्दालाच चिकटते. कुणी वाक्याच्या ओघात ‘#मध्यकाचा उपयोग’ असे लिहिले की तो ‘#मध्यक’ राहत नाही, वेगळाच हॅशटॅग होतो आणि ते टिपण बाकीच्यांना दिसतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच: ‘#परीक्षा’ आणि ‘#परिक्षा’ एकमेकांना कधी भेटत नाहीत. माझ्या वर्गात एका मुलीची सगळी टिपणे अशीच हरवली होती. तिने काही लिहिलेच नाही असे धरून मी तिला बोललो. आजही त्याचे वाईट वाटते. तेव्हापासून नियम: हॅशटॅग वाक्याबाहेर, शेवटी, प्रत्यय न लावता.

आणखी एक प्रतिसाद

एक भेद राहून जातोय. तासानंतरचे लिखाण आणि तास चालू असतानाचे लिखाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच शब्द पुरणार नाही. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात २००९ मध्ये मोनिका रँकिन यांनी इतिहासाच्या मोठ्या वर्गात ट्विटर वापरले, ते दुसऱ्या प्रकारचे. तास चालू असताना विद्यार्थी लिहीत आणि ते वर्गातल्या पडद्यावर दिसे. शंभराच्या आसपासच्या वर्गात जे हात वर करत नाहीत, त्यांनाही असे बोलता येते. याला मी ‘समांतर चर्चा’ म्हणतो. इथे ‘टिपण’ बसत नाही, कारण तिथे टिपायला उसंत नसते, सुचले की लिहायचे.

आणि ‘चर्चा’ हा भाग तासानंतरच्या लिखाणातूनही गाळू नका. रेनॉल जुंको आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या अभ्यासात पहिल्या वर्षाचे १२५ विद्यार्थी होते. ७० जणांच्या गटाला ट्विटर दिले, ५५ जणांच्या गटाला नाही. पहिल्या गटाचा अभ्यासातला सहभाग अधिक वाढला आणि सत्राची श्रेणीही वरचढ राहिली. पण तिथे शिक्षक स्वतः रोजच्या बोलण्यात होते, प्रश्नांना उत्तरे देत होते. नुसते ‘टिपणलेखन’ असे नाव दिलेत तर विद्यार्थी लिहून मोकळा होईल आणि शिक्षकही गुण देऊन मोकळा होईल. ‘टिपण-संवाद’ कसे वाटते?

‘फॉलो’ला ‘अनुसरण’ म्हणू नका, एवढेच सांगतो. शिक्षकाने विद्यार्थ्यांना अनुयायी व्हायला सांगणे कानाला खटकते, आणि शिक्षकाने विद्यार्थ्यांना फॉलो करणे तर प्रत्यक्षातही खटकते. त्यांचे खासगी लिखाण आपल्याला दिसू नये. या विषयापुरते वेगळे खाते काढायला सांगा आणि टोपणनावाची मुभा द्या.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे थांबून मुद्दाम आता लिहिते आहे.

‘काय टिपलंत?’ असे विचारायला लागले आणि पहिल्याच तासाला हे आले:

‘दहा जणांचे उत्पन्न सारखे. अकरावा आला, तो प्रचंड श्रीमंत. सरासरी उडाली, मध्यक जागचा हलला नाही. #मध्यक’

फळ्यावर मी हे उदाहरण दिले नव्हते. त्याखाली दुसऱ्या मुलीने विचारले, ‘आणि दहा जणांचे उत्पन्न वेगवेगळे असते तर?’ त्यावर सहा उत्तरे आली. त्यातली दोन चुकीची होती, पण ती मी सांगण्याआधी वर्गातल्याच कुणीतरी दुरुस्त केली. पुढच्या तासाची सुरुवात मी त्या प्रश्नापासून केली.

पत्रिकेत आता असे लिहिले आहे: ‘टिपण-संवाद (मायक्रोब्लॉगिंग): प्रत्येक तासानंतर तीन वाक्यांपर्यंत एक टिपण, आठवड्यातून दोन टिप्पण्या. हॅशटॅग शेवटी, प्रत्ययाशिवाय.’ साधनांच्या रकान्यात. एक शंका उरली आहे: टिपणचे अनेकवचन ‘टिपणे’ लिहिले की ते क्रियापदासारखे दिसते. चालेल ना?

उत्तर

चालेल. ‘दोन टिपणे’, ‘सगळी टिपणे’ असे आधी विशेषण आले की घोटाळा होत नाही. बोलताना तर ‘टिपणं’च म्हणाल.