मदत हवी आहे: शहराच्या सार्वजनिक खर्चातील असाधारण बदल कसे तपासावेत?

नमस्कार. एका शहराच्या अनेक वर्षांच्या अंदाजपत्रकांची आणि प्रत्यक्ष खर्चाच्या हिशेबांची मी तुलना करत असून, रस्तेदुरुस्तीचा खर्च ज्या वर्षी एकाएकी वाढला, त्याच वर्षी पाणीपुरवठ्याच्या देखभालीचा खर्च जवळपास तितकाच घटल्याचे दिसते. हा बदल खरा आहे की केवळ लेखाशीर्ष (खर्च ज्या नावाखाली नोंदवला जातो ते) बदलल्याचा परिणाम आहे, हे आधी ठरवायला हवे. महागाई आणि लोकसंख्या लक्षात घेऊनही फरक उरतोच.

मला अधिक खटकते ते देयकांचे स्वरूप. ज्या रकमेपासून निविदा बंधनकारक होते, तिच्या किंचित खाली अनेक देयके एकवटलेली आहेत आणि त्यांतील बहुतेक आर्थिक वर्षाच्या अखेरीस दिलेली आहेत. कामाचे तुकडे पाडून निविदा टाळल्याची ही ओळखीची खूण असली, तरी तेवढ्यावरून कोणावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. संशयास्पद आकडे हुडकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बेनफर्डच्या नियमानुसार अनेक प्रकारच्या खऱ्या आकडेवारीत संख्येचा पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, तर ९ असण्याचे ५ टक्क्यांहून कमी असते. परंतु मंजुरीच्या मर्यादांनी बांधलेल्या रकमांना तो कितपत लागू पडतो?

लेखापरीक्षणाचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रथम कार्यादेश आणि मोजमापाच्या नोंदी मागवाव्यात, की एकाच ठेकेदाराला मिळालेल्या कामांची जुळणी करावी? आणि लेखाशीर्षांतील बदल नेमका कोणत्या कागदपत्रांतून सिद्ध होतो?