एनटीपीसाठी कोणतं नेटवर्क कार्ड घ्यावं? आरएक्स टाइमस्टॅम्प हार्डवेअरचा मिळत नाहीये

रातपाळी:
मंडळी, लॅबमध्ये दोन लिनक्स सर्व्हर आहेत, एकाच स्विचवर, दोन्हीकडे क्रोनी (एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्राम). एकात इंटेलचं आय210 कार्ड, दुसऱ्यात एक्स540. 'क्रोनीसी एनटीपीडेटा' बघितलं तर आय210 वर टीएक्स-आरएक्स (जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटच्या वेळेची नोंद, म्हणजे टाइमस्टॅम्प) दोन्हीपुढे 'हार्डवेअर', म्हणजे वेळ कार्डच नोंदवतं, पण एक्स540 वर टीएक्स हार्डवेअर आणि आरएक्स मात्र 'कर्नल', म्हणजे ती वेळ लिनक्स नोंदवतं. नवा ड्रायव्हर टाकून पाहिला, फरक शून्य. कार्ड बदलू का? कोणतं घेऊ?

तारायंत्र:
कार्ड बिघडलेलं नाहीये, त्याचा फिल्टरच तसा आहे. ईथटूलला (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) कॅपिटल टी चा ऑप्शन देऊन चालवा आणि खाली 'हार्डवेअर रिसीव्ह फिल्टर मोड्स'ची यादी येते ती वाचा, आय210 ला तिथे 'ऑल' दिसेल, एक्स540 ला नुसते पीटीपीचे (घड्याळ जुळवायचा दुसरा, जास्त अचूक प्रोटोकॉल) प्रकार. म्हणजे आत येणाऱ्यांपैकी फक्त पीटीपी पॅकेटवर ते शिक्का मारतं, यूडीपी पोर्ट 123 वरचं एनटीपी त्याच्या खिजगणतीतही नाही. बाहेर जाणाऱ्या पॅकेटला ही अडचण येत नाही, कारण कुठल्या पॅकेटचा टाइमस्टॅम्प हवा ते सॉफ्टवेअरच कार्डाला सांगतं, म्हणून तुमचं टीएक्स व्यवस्थित आहे. एक्स540 मध्ये आलेली वेळ एका रजिस्टरमध्ये अडकून राहते आणि ड्रायव्हर ती वाचेपर्यंत पुढच्या पॅकेटला जागाच नसते, आय210 मात्र प्रत्येक पॅकेटसोबत बफरमध्येच वेळ देतं. विकणारे 'हार्डवेअर टाइमस्टॅम्पिंग आहे' एवढंच सांगतात, म्हणून घ्यायच्या आधी ही यादी मागाच. 1जी पुरत असेल तर आय210, 10जी हवं तर एक्स550, त्यात 'ऑल' आहे.

उंबरठा:
खर्च करायच्या आधी एक करून बघा. क्रोनी 4.2 पासून एनटीपी पीटीपीच्या मेसेजमध्ये घालून पाठवता येतं. दोन्ही मशीनवर 'पीटीपीपोर्ट 319', क्लायंटच्या सर्व्हर ओळीत 'पोर्ट 319' आणि 'एक्सलीव्ह', आणि एक्स540 च्या 'एचडब्ल्यूटाइमस्टॅम्प' ओळीत 'आरएक्सफिल्टर पीटीपी'. आय210 वर 'ऑल'च राहू द्या, त्याच्या यादीत पीटीपीचा वेगळा फिल्टर नसतो. एक्सलीव्ह विसरू नका, हार्डवेअरची टीएक्स वेळ पॅकेट निघून गेल्यावरच कळते, ती समोरच्याला पुढच्या पॅकेटातूनच देता येते. ही सोय अजून प्रायोगिक आहे आणि दोन्ही टोकांना क्रोनीच लागतं, पण तुमच्याकडे ते आहेच.

रातपाळी:
आभार दोघांचे! एक्स540 वाल्या मशीनवर पीटीपीफोरएल (लिनक्सवरचा पीटीपीचा प्रोग्राम) पण चालू आहे, ते चालेल ना?

उंबरठा:
यूडीपीवर असेल तर नाही, 319 वर दोघांची टक्कर होणार. त्याला लेअर 2 वर (यूडीपीशिवाय, थेट इथरनेटवर) हलवा, नाहीतर सरळ एक्स550 घ्या.