मदत हवी आहे: पप१ (Pup1) साठी बीसी२एफ२ मधली (दोन बॅकक्रॉसनंतर एकदा स्वपराग केलेल्या पिढीतली) समयुग्मजी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेली, रोपं कशी ओळखायची?

आयआर६४ भातात कासलथ या भाताच्या वाणातला पप१ (गुणसूत्र १२, स्फुरद शोषणासाठी) बॅकक्रॉसने, म्हणजे आयआर६४शी पुन्हा पुन्हा संकर करून, आणतोय. पप१ ओळखायचा के४६-१ हा डीएनए मार्कर प्रभावी (डॉमिनंट) आहे: पट्टा दिसतो किंवा काहीच नाही. बॅकक्रॉसमध्ये अडचण नव्हती, कारण तिथे पट्टा असलेलं रोप विषमयुग्मजीच (पप१ ची एकच प्रत असलेलं) असतं. स्वपरागानंतर मात्र दोन्ही प्रकार जेलवर सारखेच दिसतात. पीसीआर फसला तरी पट्टा नसतोच, म्हणून सोबत दुसऱ्या जनुकाचा प्राइमर लावतोय. ते अगदी गरजेचं आहे.

आता जनुकाच्या दोन्ही बाजूंचे सहप्रभावी एसएसआर (दोन्ही प्रती वेगळ्या दाखवणारे डीएनए मार्कर) वापरावेत, की प्रत्येक निवडलेल्या रोपाची १६ एफ३ (पुढच्या पिढीतली) रोपं के४६-१ ने तपासावीत? १६ च्या १६ मध्ये पट्टा दिसून विषमयुग्मजी रोप निसटण्याची शक्यता सुमारे १ टक्का. एसएसआर स्वस्त पडतील, पण जनुकापासून लांब असले तर मध्येच पुनर्संयोजन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) होऊन निवड चुकेल. किती जवळचे एसएसआर पुरतात? कुणी दोन्ही पद्धती ताडून पाहिल्यात का?