ट्यूबलेस टायरला बाहेरून भरलेली पट्टी कितपत भरवशाची?

प्रश्न

नमस्कार. गेल्या महिन्यात पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे दापोलीला जात असताना, निजामपूर सोडल्यावर माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातली हवा उतरल्याचे लक्षात आले. चाक मागचे असल्यामुळे स्टिअरिंगला काहीच जाणवले नव्हते आणि त्यामुळे कमी हवेवर गाडी किती अंतर चालली हे मला सांगता येत नाही; खाली उतरून पाहिले तेव्हा टायर जवळजवळ रिमपर्यंत दबला होता आणि त्याच्या बगलेला हात लावला तर चटका बसत होता. पंक्चरवाल्याने चाक न काढताच स्क्रू उपटला, टोच्या फिरवून भोक मोठे केले, सुईने दोन पट्ट्या आत सारल्या, बाहेर राहिलेली टोके ब्लेडने कापली आणि हवा भरून दिली.

तेव्हापासून दर आठवड्याला त्या चाकातली हवा ३३ वरून २९ पीएसआयपर्यंत उतरते. टायर २४ हजार किलोमीटर चालला असून नक्षी अजून चांगली आहे. एक दुकानदार नवा टायर घ्या म्हणतो, तर दुसरा आणखी एक पट्टी भरून देतो म्हणतो. भोक नक्षीच्या बाहेरच्या कडेला आहे. या टायरवर कुटुंबाला घेऊन पुन्हा घाटात जावे का, हा माझा खरा प्रश्न आहे.

प्रतिसाद १

तिसरी पट्टी भरू नका, अशी कळकळीची विनंती आहे. ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवण्याचे काम आतून लावलेला ब्युटिल रबराचा पातळ थर करतो. बाहेरून भरलेली पट्टी भोक बुजवते, परंतु त्या थराचे, आतल्या धाग्यांचे आणि पोलादी तारांचे काय झाले आहे हे ती भरणाऱ्याला दिसतच नाही. पट्टी वाईट आहे असे मी म्हणत नाही. आडरस्त्याला तिने अनेकांना घरी पोहोचवले आहे, मलाही पोहोचवले आहे. मात्र घरी आल्यावर टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, भोकातून दांडा बाहेर येणारा मशरूम पॅच लावून घेणे हीच पक्की दुरुस्ती होय. तीसुद्धा भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच असेल तर करावी. कडेचा भाग आणि बगल चालताना सतत वाकत असल्यामुळे तिथले ठिगळ टिकत नाही.

आपल्या बाबतीत मला भोकापेक्षा त्या चटक्याची काळजी वाटते. हवा कमी असताना बगल प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतल्या आत घासली जाते. बाहेरून टायर नवा दिसतो. आतून पाहिले तर बगलेवर खरवडल्यासारखा गोल पट्टा आणि तळाशी काळी रबराची भुकटी सापडते. असे काही आढळल्यास नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर बाद समजावा, कारण बगल फुटते तेव्हा हवा हळूहळू उतरत नाही, एकदम जाते. टायर आपल्यासमोर उतरवायला सांगा आणि विजेरी घेऊन आत स्वतः पाहा.

प्रतिसाद २

हवा पट्टीतूनच जाते आहे हे आपण कशावरून ठरवले? चाक उतरवण्याआधी साबणाचे पाणी करून ते पट्टीवर, वॉल्व्हच्या तोंडावर, वॉल्व्ह रिममधून बाहेर येतो तिथे आणि टायर रिमला चिकटतो त्या दोन्ही कडांवर ओता व दोन मिनिटे थांबा. बारीक गळतीचे बुडबुडे लगेच येत नाहीत, हळूहळू पांढरा फेस साचतो. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिममधूनही अशीच हवा जाते. शिवाय हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. तापमान ५-६ अंशांनी उतरले तरी सुमारे १ पीएसआयचा फरक पडतो.

प्रतिसाद ३

यापुढे स्क्रू दिसला आणि चाकात पुरेशी हवा असली, तर तो जागेवर उपटू नये, कारण बहुतेक वेळा तोच भोक बुजवून ठेवतो. हवा भरून हळू चालवत दुकान गाठता येते; सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप त्यासाठी गाडीत ठेवावा. हवा झपाट्याने उतरत असेल तर मात्र एक किलोमीटरही पुढे न जाता स्टेपनी लावावी. नट जॅक लावण्यापूर्वी सैल करावेत, बसवताना समोरासमोरचे आवळावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे नवी गाडी घेणाऱ्यांनी डिकीत स्टेपनी आहे का हे आधी विचारावे. दुरुस्तीच्या संचातले, भोक बुजवण्यासाठी टायरमध्ये सोडायचे द्रव वापरले असेल तर टायर उघडणाऱ्याला तसे अवश्य सांगावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल साबणाचे पाणी ओतून पाहिले. पट्ट्यांवर एकही बुडबुडा आला नाही. वॉल्व्हच्या बुडाशी मात्र मोहरीएवढे बुडबुडे सारखे येत होते. क्षणभर वाटले की नवा वॉल्व्ह बसवला की काम झाले. तरीही आपण इतके बजावून सांगितले होते म्हणून टायर उतरवून घेतला. आतून ओंजळभर काळी भुकटी निघाली आणि बगलेवर बोटभर रुंदीचा पट्टा सर्व बाजूंनी खरवडलेला होता. एका ठिकाणी तर धागे उघडे पडले होते. तो टायर तिथेच बाद केला. मागच्या दोन्ही चाकांना नवे टायर आणि नवे वॉल्व्ह बसवले आणि उजवीकडचा चांगला टायर स्टेपनीच्या रिमवर चढवला. जुन्या स्टेपनीत १९ पीएसआय हवा होती.